बोट उचललं की पाणी बंद

चिपळूणची माणसं पाण्यासाठी प्रवास करत नाहीत. पाणीच आमच्याकडे येतं, न बोलावता, आणि एखाद्या वर्षी थेट माजघरापर्यंत. त्यामुळे "नगर जिल्ह्यात पाणी बघायला निघालेय" असं मी घरी जाहीर केलं, तेव्हा धाकट्या जावेनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. परत आल्यावर तीच विचारते, "मग? दिसलं का पाणी?" तोंडी सांगायला जावं तर ती मध्येच गॅसवर दूध आहे म्हणून उठते. म्हणून लिहून काढते आहे. वाचताना दूध उतू गेलं तर तिचं ती बघेल.

मी अधूनमधून चित्रप्रदर्शनांवर लिहिते. भिंतीवर टांगलेलं चित्र मला कळतं, आणि कळलं नाही तरी मान कशी डोलवायची हे कळतं. पण मध्यंतरी देवळाली प्रवऱ्याहून कांचन नावाच्या मुलीचा निरोप आला. पुण्यात चित्रकला शिकलेली, लग्न होऊन देवळालीला राहणारी. "मावशी, माझं नवं काम बघाल का?" मी विचारलं, कुठे लावलंयस? म्हणाली, इंटरनेटवर. कशावर काढलंयस? म्हणाली, इंटरनेटवरच. म्हटलं बरं. तिनं पाठवलेल्या पत्त्यावर बोट ठेवलं, तर काळ्या मातीच्या रंगाचं एक पान उघडलं आणि त्यावर एकच ओळ: "तुमची बारी अजून आलेली नाही."

बारी म्हणजे पाळी. त्या भागात कालव्याच्या पाण्याची बारी असते हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की चित्र बघायला रांग आहे. दुसऱ्या दिवशी तीच ओळ, तिसऱ्या दिवशीही तीच. मग मी कांचनला फोन केला. ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही. सरळ म्हटलं, मी लिहिणारी बाई आहे, मला जरा आधी दाखव. ती गोड आवाजात म्हणाली, "नाही हो मावशी, बारी म्हणजे बारी."

असं? म्हटलं, आता तुझ्या दारातच येऊन बसते. एवढ्या लांबून आलेल्या पाहुणीला कोण थांब म्हणतं ते बघू. तर हा प्रवास मी निव्वळ रांग मोडायला केला.

बेलापूर, म्हणजे श्रीरामपूर

पुण्याहून गाडीत बसले. तिकीट काढून देणाऱ्या भाच्यानं बजावलं होतं, श्रीरामपूरला उतर. मी खिडकीला नाक लावून श्रीरामपूरच्या पाटीची वाट बघतेय आणि गाडी थांबली ती बेलापूरला. मी निवांत बसून राहिले. बेलापूर मला माहीत आहे, ते नव्या मुंबईत आहे, इथं दुसरं असेल, असू दे.

समोरच्या बाई कागदी चांदण्यांचं मोठं गाठोडं सावरत उठल्या. नाताळ तोंडावर आला होता आणि घरावर लावायला त्या पुण्याहून चांदण्या घेऊन निघाल्या होत्या. दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या.

"उतरायचं न्हाई का? तुमी श्रीरामपूर म्हनत हुत्या ना?"

"पाटीवर बेलापूर आहे."

"पाटीचं काय घेऊन बसला बाई! पाटी जुनी, गाव नवं. उतरा आदी."

असं म्हणून त्यांनी माझी पिशवीच फलाटावर ठेवली, तेव्हा मला पिशवीच्या मागे जावंच लागलं. गाडी सुटली. "आमच्यात नवा मानूस एकदा तरी मनमाडला जाऊन येतोच," त्या म्हणाल्या आणि चांदण्या खांद्यावर टाकून निघून गेल्या.

बाहेर कांचन स्कूटी घेऊन उभी होती. तिशीची, सडसडीत, पायाला घोट्यापर्यंत वाळलेला चिखल. मी स्कूटीवर बसता बसताच विषय काढला, "आता तर दाखवशील ना?" तिनं गाडी चालू केली आणि माझं बोलणं त्या आवाजात गेलं. मला वाटतं, मुद्दाम. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, आणि त्यांच्या मागे आम्ही. हवेत मळीचा वास. आमच्याकडे सुकत्या मासळीच्या वासाला नाक मुरडणारी देशावरची माणसं या वासात मजेत चहा पितात, हे मी मनात टिपून ठेवलं.

देवळाली प्रवरा

घराच्या ओट्यावर कांचनच्या सासूबाई उभ्या होत्या. नाव इंदूबाई. कांचन त्यांना आत्या म्हणते, म्हणून मीही आत्याच म्हणू लागले, वयानं आम्ही बरोबरीच्या असूनही. घरात या दोघीच. कांचनचा नवरा चाकणला कंपनीत असतो, तो शनिवार-रविवार येतो.

"या बाई," आत्या म्हणाल्या. "चित्र बघाया आलात म्हनं? चित्र न्हाई हितं. मेथी हाय."

जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि मेथीची भाजी. आमच्याकडे भाताशिवाय जेवण सुरू होत नाही, इथे भात दिसला की जेवण संपलं म्हणून समजायचं. मी भाजीची तारीफ केली, तर आत्यांनी सुनेकडे तिरका डोळा टाकला.

"बाजारची हाय. रानात वाफेच्या वाफे मेथी, आन् खायला जुडी इकत आनायची. का? तर म्हनं, चित्र खुडायचं नसतंय."

मग संध्याकाळी ओट्यावर कांचननं मला सगळं समजावलं. ते मी माझ्या भाषेत सांगते.

कालव्याला पाणी सुटतं ते ठरावीक दिवसांपुरतं. त्याला आवर्तन म्हणतात. आवर्तन चालू आहे तोवर कांचनचं पान उघडं, कालवा बंद झाला की पान बंद. घरामागच्या तुकड्यात तिनं वाफे पाडलेत आणि त्यात कोरड्या मातीत मेथी टाकली आहे. वर शेवग्याला एक जुना मोबाईल बांधलाय, त्यातून रान दिसतं. जगात कुठेही बसलेल्या माणसाची बारी आली की त्यानं पडद्यावर एका वाफ्यावर बोट ठेवायचं. इथे रानात घंटी वाजते आणि फावडं घेऊन उभ्या असलेल्या आत्या त्या वाफ्याचं दारं फोडतात, म्हणजे पाटातलं पाणी आत सोडायला मातीचा बांध उघडतात. वाफा भरेस्तोवर बोट हलवायचं नाही. बोट उचललं की पाणी बंद. मग तो वाफा जेवढा भिजला तेवढाच. परत बारी नाही.

"बोट ठेवून करायचं काय?" मी विचारलं.

"काही नाही. पाणी बघायचं."

"आणि चित्र?"

"सगळं रान वरून बघितलं की दिसेल, मावशी. लोक जिथे थांबले तिथे हिरवं, जिथे कंटाळून गेले तिथे माती. मी त्यात काहीच काढत नाही. बघणारेच काढतात."

पुण्यात याला प्रयोग म्हणत असतील. आमच्या चिपळुणात याला दुसरा शब्द आहे, तो मी तिच्या घरचं खाल्लेलं असल्यामुळे बोलले नाही. पण एक विचारलं, "मग बरेच थांबतात?"

उत्तर आत्यांनी दिलं. "निम्मे पळत्यात."

आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. तुकडा आत्यांचा. पेरणीच्या वेळी या दोघींची वादावादी झाली होती आणि आत्या ठसक्यात बोलून गेल्या होत्या की या आवर्तनात मेथी रानभर उभी राहिली तर तुकडा तुझा, नाहीतर ऊस लावणार. कांचनही काही कमी नाही. तिनं सांगून टाकलं, ऊस लावलात तर मी संक्रांतीनंतर पुण्याला जाते, तिथे शिकवायची नोकरी मिळतेय. दोघींनी शब्द दिले होते आणि आता दोघी बोटं मोजत बसल्या होत्या. आवर्तन परवा संपणार होतं.

"माझी बारी कधी?" मी शेवटी विचारलंच.

"परवा दुपारी. सगळ्यात शेवटचा वाफा तुमचा."

"मी इथे ओट्यावर बसलेय, कांचन!"

"हो ना. मग परवापर्यंत राहणंही होईल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी परसात गेले. आत्या आधीच रानात होत्या. मोटार चालू, हातात फावडं, आणि वाफ्यामागून वाफा सपासप भरत होता. अर्धवट भिजून राहिलेले, पांढरे पडलेले वाफे. मी बांधावर उभी राहून कौतुकानं बघत राहिले. काय तो हात! बांध फोडला, पाणी आत गेलं, दोन दणक्यांत बांध बंद, लगेच पुढचा.

"आत्या, सकाळी सकाळी कुठलं गिऱ्हाईक?" मी विचारलं. तिकडे अमेरिकेत संध्याकाळ असेल, असा माझा हिशोब.

"लांबचं हाय," आत्या म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

मग कांचन उठून आली, चहा झाला आणि सोलापूरच्या कुणा गृहस्थांची बारी लागली. पाणी वाफ्यात निम्म्यापर्यंत आलं आणि कांचनच्या हातातल्या मोबाईलवर 'टिंग' झालं. बोट उचललं गेलं होतं. आत्यांनी बांध बंद केला आणि शेवग्यावरच्या मोबाईलकडे तोंड करून ओरडल्या, "आरं ठिव की बोट! भाकर करपाया लागली का तुजी? निम्म्या जेवनातनं कोन उठतं का?"

"हे तिकडे ऐकू जातं?" मी कांचनला विचारलं.

"जातं. मला नुसता पाण्याचा आवाज हवा होता. पण आता लोक कळवतात, त्या आजी रागावतात म्हणून आम्ही थांबलो." तिनं कपाळाला हात लावला. माझ्या मते रानात जेवढं हिरवं होतं त्यातलं निम्मं आत्यांच्या शिव्यांवर उगवलं होतं.

राजूर

माझी बारी दुसऱ्या दिवशी, म्हणून कांचननं मला राजूरला पिटाळलं. "आमच्या कालव्याचं पाणी तिकडच्या धरणातूनच येतं, बघून या. आणि पेढे आणा." एसटी बदलत बदलत मी पार सह्याद्रीच्या कुशीत पोचले. संगमनेर मागे पडलं तसा ऊस विरळ झाला, अकोले गावापुढे डोंगर दिसले आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. डोंगरापलीकडे उतरलं की कोकणच.

राजूरच्या बाजारात चहाच्या टपरीवर बसले. आसपासच्या वाड्यांवरची माणसं सामान घेऊन गाड्यांची वाट बघत होती. सवयीनं मी मोबाईल काढून पान उघडलं. टपरीवाले दादा माझ्या खांद्यावरून डोकावले.

"काय बघताय, ताई?"

मी सगळं सांगितलं. देवळाली, वाफे, बोट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग पडद्यावरची ओळ मोठ्यानं वाचली, "तुमची बारी अजून आलेली नाही." गाळणं झटकलं आणि म्हणाले, "आमचीबी न्हाई, ताई."

मला आधी समजलंच नाही.

"धरन उशाला आन् कोरड घशाला, त्यातली गत. पानी आमच्या अंगनातनं जातं, पर वरच्या वाड्यांस्नी उन्हाळ्यात टँकर. तिकडं बोट ठिवलं की पानी येतं म्हनता? हितं आमी किती वर्सं बोट ठिवून हाय." आणि स्वतःच हसले. मग मी घेतलेले पेढे कागदात बांधताना त्यात आणखी दोन टाकून म्हणाले, "हे त्या पोरीला द्या. म्हनावं, पानी वरनं आलंय, ध्यानात असू दे."

मी हसून पेढे पिशवीत टाकले, पण परतीच्या वाटेवर ते बोलणं काही पिशवीत राहिलं नाही.

पुन्हा देवळाली

संध्याकाळी पोचले, हातपाय धुतले, जेवायला बसले. पेढे झाले, टपरीवाल्याचा निरोप सांगून झाला. वातावरण छान होतं. आणि मी तोंड उघडलं.

"कांचन, पण आज सकाळचं गिऱ्हाईक भारी होतं हं. सात-आठ वाफे एकदम भरले! कुठल्या देशातलं?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. कांचनचा घास हातात राहिला. आत्या चुलीकडे वळल्या, चुलीत काही नसताना.

"आज सकाळी कुणाचीच बारी नव्हती," कांचन म्हणाली. मग अगदी हळू, "आत्या?"

"पाजलं पानी," आत्या म्हणाल्या. "मग काय करायचं? बी मातीत पडलंय आन् कोरडं मरतंय. बघवत न्हाई."

"लोक उठून गेले, म्हणून ते वाफे कोरडे होते. तेच तर चित्र होतं. आता ते खोटं झालं."

"माज्या रानात माज्या हातानं पाजलं, ती चोरी व्हय?"

मला कुठेतरी जाऊन लपावंसं वाटलं. ताटावरून उठणार कशी? मग आत्यांनी पदरानं कपाळ पुसलं आणि एकदम बोलत्या झाल्या.

"तूच म्हनालीस ना, मेथी न्हाई उभी राहिली तर पुन्याला जाते? उसाचं म्या रागात बोलले. बोलून बसले. आता हे पळपुटे निम्म्यात उठून जात्यात आन् त्यांच्यापायी माजी सून जायाची? मी बघत बसू व्हय नुसती?"

कांचनच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग शब्द मागे घ्यायचा होतात, आत्या. चित्र कशाला बिघडवलंत?"

"सासू हाय मी," आत्या म्हणाल्या. "शब्द मागं घ्यायची सवय न्हाई."

मला हसू आलं. मी एकटीच हसतेय हे लक्षात आल्यावर गप्प बसले. कांचन हात धुऊन आत गेली. तिनं पानावर दोन ओळी लिहिल्या, काही वाफे घरच्या माणसानं भरलेत म्हणून. मला दाखवल्या, आत्यांना दाखवल्या नाहीत. "उद्याची बारी झाली की पान बंद," ती म्हणाली. "पुढचं मग बघू." तिचा आवाज पुण्याला निघाल्यासारखाच होता.

दुसऱ्या दिवशी दोघींचं बोलणं बंद आणि मी मधली टपालवाली. "मावशी, आत्यांना सांगा मोटार चालू करायला." "बाई, तिला सांगा, मोटार कवाची चालू हाय." दोघी एकमेकींपासून हाताच्या अंतरावर. घरात सासू-सुनेची भांडणं मी पुष्कळ पाहिली, केलीही, पण आमच्याकडे निदान आवाज चढतो. हे शांत भांडण मला सोसेना, कारण सगळी आग मी लावली होती.

दुपारी शेवटचा वाफा तेवढा उरला. आत्या फावडं घेऊन त्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. मी शेवग्याखालच्या बाजेवर चष्मा पुसून बसले, आणि माझा मोबाईल उजळला: "तुमची बारी आली आहे."

एवढ्या लांबून ज्याच्यासाठी आले ते हातात होतं. मी बोट पुढे नेलं आणि सहज समोर बघितलं. आत्या कंबर वाकवून, फावडं उगारून, माझ्या बोटाची वाट बघत उभ्या. सगळं आवर्तनभर जगभरच्या लोकांच्या बोटांची वाट बघत ही बाई अशीच उभी होती, आणि त्याच्या आधी कितीतरी वर्षं नुसतीच उभी होती.

"आत्या, इकडे या," मी म्हटलं. "ही बारी तुम्ही घ्या."

"मी? मला काय करायचंय? मग दारं कोन धरंल?"

"मी धरते," कांचन म्हणाली. सकाळपासून माझ्याशिवाय कुणाशी न बोललेली कांचन. तिनं आत्यांच्या हातातून फावडं घेतलं.

आत्या बाजेवर टेकल्या, अगदी काठावर, कुठल्याही क्षणी उठता येईल अशा. मी मोबाईल त्यांच्या मांडीवर ठेवला. भेगा पडलेलं बोट त्यांनी वाफ्यावर टेकवलं. घंटी वाजली, कांचननं बांध फोडला, पण चुकीच्या अंगानं, आणि पाणी शेजारच्या बांधावरून निघालं. आत्यांचा डावा हात हवेत उठला, मूठ वळली. उजवं बोट मात्र हललं नाही.

"डावीकडं! डावीकडनं दाब की गं!" त्या मोबाईलमध्ये ओरडल्या. कांचन दहा पावलांवर होती.

"दाबतेय!" कांचन तिथून ओरडली. मातीनं पाणी अडलं, वळलं आणि वाफ्यात शिरलं. पडद्यावर कोरडी माती काळी पडत पुढे सरकू लागली. मी आत्यांच्या खांद्याला खांदा लावून बघत होते आणि मला मध्येच कुणाचं दूध-बिध काही आठवलं नाही. आत्या श्वाससुद्धा जपून घेत होत्या. समोर तेच पाणी, तोच वाफा, तीच सून, आणि त्यांनी मान एकदाही वर केली नाही.

शेवटी न राहवून मी विचारलं, "आत्या, अहो समोरच तर आहे सगळं. मोबाईलात काय बघताय?"

"समोर बघितलं की हात उठतो," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं पानी भरलं, पर भरताना कधी बघितलं न्हाई. हितं नुसतं बघाया येतंय."

मी शेवग्याकडे बघितलं.

"कांचन," आत्या पडद्यालाच म्हणाल्या, "ऊस पलीकडच्या तुकड्यात लावू."

कांचन फावड्यावर रेलून थांबली. "काय म्हणालात?"

"आलंय ऐकू तुला."

कांचननं नाक मनगटानं पुसलं, त्यानं गालाला चिखल लागला. पाणी वाफ्याच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेलं, काठोकाठ झालं, आणि शेवग्याची पानं त्यात हलताना दिसू लागली.

"भरला, आत्या," कांचननं हाक मारली. "उचला आता बोट."

"थांब गं," आत्या म्हणाल्या. "बघतीय मी अजून."